जिओकॉइनवर अक्षरं अर्धीच उमटतात? आच नको, उंची वाढवा

साच्यातून जिओकॉइन, म्हणजे जिओकॅशिंगच्या खेळात डब्यातून डब्यात फिरणारं नाणं, निघतं. गोल आहे, चकचकीत आहे, हातात छान जड लागतंय. पण 'सिंहगड'चं 'सिहगड' झालंय, अक्षांशातलं दशांशचिन्ह गायब आहे आणि वरच्या कडेची अक्षरं चोखून ठेवलेल्या गोळीसारखी गुळगुळीत झाली आहेत. मग आपण काय करतो? धातू अजून तापवतो. पुढचं नाणं तसंच निघतं. अजून तापवतो. आता नाण्यावर पांढरट, खरखरीत थर येतो, साच्याला जळका वास यायला लागतो, आणि अनुस्वार काही उमटायचं नाव घेत नाही.

घरी जिओकॉइन ओतणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: 'गरम कर अजून.' माझ्या मते हा सल्ला दहातल्या आठ वेळा चुकीचा असतो. धातू गार असल्यामुळे अक्षर राहतं असं क्वचितच होतं. खरी कारणं दोन: धातूवर पुरेसा दाब नसतो, आणि खाचेतली हवा बाहेर पडायला वाट नसते.

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीनं शोधायचा खेळ. तो नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेनं मे २००० मध्ये काढून टाकली. लगेच, ३ मे २००० ला, ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या जॉन स्टॅन्ली यांनी स्वतःचं नाणं काढून ते अशा डब्यांमध्ये सोडलं. जिओकॉइनची सुरुवात तिथून झाली. आज विकत मिळणारी बहुतेक जिओकॉइन कारखान्यात छापाखाली ठोकलेली किंवा दाबानं साच्यात भरलेली असतात. आपलं नाणं मात्र फक्त स्वतःच्या वजनानं साच्यात उतरतं. हा फरक लक्षात घेतला की पुढचं सगळं सोपं होतं.

खालचं सगळं मी एक ठरावीक मांडणी गृहीत धरून लिहितोय: दोन भागांचा सिलिकॉनचा साचा, दोन फळ्यांमध्ये क्लॅम्पनं आवळून उभा केलेला, नाणं ४० मिलिमीटर व्यासाचं आणि ३ मिलिमीटर जाडीचं, धातू म्हणजे शिसं नसलेला कथलाचा मिश्रधातू. असं नाणं साधारण २७-२८ ग्रॅम भरतं. नळी (धातू नाण्यापर्यंत नेणारी वाट) आणि पेला (तिचं वरचं रुंद तोंड) धरून पळीत त्याच्या किमान तिप्पट धातू असू द्या. पळीत धातू कमी पडणं हेही अर्धवट नाण्याचं एक कारण असतं, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी नाणं नीट बघा

नाणं उन्हात न्या, तिरकं धरा, भिंग असेल तर लावा. साचा उभा होता तेव्हा नाण्याची कुठली कड वर होती हे आठवा. नळीचा देठ तोडण्यापूर्वी बघितलं तर ते लगेच कळतं.

खालची अक्षरं ठसठशीत आणि वरची बोथट असतील तर दाब कमी पडलाय. सगळीकडचीच अक्षरं बोथट, पण पृष्ठभाग चकचकीत आणि त्यावर वाहत गेल्यासारख्या सुरकुत्या असतील तर साचा गार होता, किंवा त्याला तेलकटपणा होता. अक्षराच्या जागी गोल, गुळगुळीत, आतून चमकणारी खळगी असेल तर तिथे हवा अडकली. नाणं फिकट राखाडी, साखर भुरभुरल्यासारखं असेल तर साचा किंवा धातू जास्त तापलाय. आणि नळीच्या तोंडापाशी खोलगट खड्डा असेल तर ते आकुंचन आहे. त्याचा अक्षरांशी संबंध नाही, त्यावर पुढे लिहितो.

एकाच नाण्यावर यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसू शकतात. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

उंचीचं गणित

वितळलेल्या कथलाचा पृष्ठताण पाण्याच्या सातपटीहून जास्त असतो. पाणी फटीत आपोआप शिरतं, कथील शिरत नाही. पळी किंचित तिरकी करून धातूची कड बघा: ती गोल फुगून उभी राहते, पसरत नाही. साच्यातल्या अक्षराच्या खाचेपाशीही ती तशीच फुगून थांबते. तिला आत ढकलायला मागून जोर लागतो, आणि आपल्याकडे एकच जोर आहे: नळीत वर उभ्या असलेल्या धातूचं वजन.

ढोबळ हिशेब असा. १ मिलिमीटर रुंद खाच भरायला तिच्या वर सुमारे १६ मिलिमीटर उंचीचा धातू हवा. अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेला ३२, आणि ०.३ मिलिमीटरच्या खाचेला ५० च्या थोडं वर. रुंदी अर्धी केली की उंची दुप्पट. ही झाली लांब खाचेची गोष्ट, म्हणजे काना, शिरोरेषा वगैरे. गोल ठिपक्याला त्याच मापात दुप्पट उंची लागते, कारण धातू चहूबाजूंनी मागे ओढला जातो. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार भरायला ६० च्या वर. म्हणून सगळ्यात आधी अनुस्वार जातो, मग दशांशचिन्ह, मग अंशाचं छोटं वर्तुळ. शिरोरेषा तेवढी टिकून राहते.

आता आपला साचा मोजा. नाण्याच्या वरच्या कडेपासून पेल्याच्या काठापर्यंत किती अंतर आहे? सिलिकॉन महाग, म्हणून बहुतेक जण १५-२० मिलिमीटर ठेवतात. म्हणजे नाण्याच्या तळाला साठेक मिलिमीटरचा दाब मिळतो आणि वरच्या कडेला जेमतेम वीसचा. वरची अक्षरं बोथट का, याचं उत्तर इथे आहे. धातू ५० अंशांनी जास्त तापवला तरी पृष्ठताण नाममात्रच कमी होतो. नळी ४० मिलिमीटरनं वाढवली तर वरच्या कडेवरचा दाब तिप्पट होतो.

साचा नव्यानं ओतायची गरज नाही. पूर्ण सुकलेल्या लाकडाच्या ठोकळ्याला १० ते १२ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, वरून ते पेल्यासारखं रुंद करा, आतून ग्रॅफाइट किंवा टाल्कची भुकटी चोळा आणि ठोकळा साच्याच्या डोक्यावर घट्ट बसवा. लाकूड आतून काळं पडतं, थोडा धूर येतो, पण बऱ्याच नाण्यांना पुरतं. ठोकळा आणि सिलिकॉन यांच्यामध्ये फट राहिली तर धातू तिथून बाहेर येईल, म्हणून आधी कोरडं लावून उजेडात फट दिसते का बघा. नाण्याच्या वरच्या कडेपासून पेल्यापर्यंत ६० मिलिमीटर मिळाले की बहुतेकांची तक्रार इथेच संपते.

ओतायची पद्धतही यातच येते. थेंब-थेंब, घाबरत ओतलं तर दाब तयार व्हायच्या आत धातू अक्षरांपाशी गोठतो. एका धारेत, न थांबता, पेला भरेपर्यंत ओता. पेला भरल्या भरल्या फळीला बोटांनी किंवा लाकडी दांड्यानं हलके टिचके मारा, फक्त पहिली दोन-तीन सेकंद. धातू गोठायला लागल्यावर हलवलं तर नाण्याला भेगा जातात.

हवा जाणार कुठे?

उंची वाढवूनही ठरावीक तीच दोन-तीन अक्षरं राहत असतील तर तिथे हवा कोंडते आहे. धातू वरून खाली येतो, हवा खालून वर जाते, आणि एकाच नळीतून दोघांची ये-जा नीट होत नाही. नाण्याच्या वरच्या कडेपासून, नळीच्या दोन्ही बाजूंना, धारदार ब्लेडनं बारीक वाटा कापा आणि त्या थेट साच्याच्या माथ्यापर्यंत न्या. रुंदी ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुरते. इथे तोच पृष्ठताण आपल्या कामी येतो: इतक्या अरुंद वाटेतून हवा सहज जाते, धातू नाखुशीनं जातो. गेलाच तर केसासारखी तार निघते, बोटानं मोडता येते. ओतकामात मुरलेली माणसं या वाटांना सरळ व्हेंट म्हणतात. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कुणी ओळखीचं असेल तर त्याला आपला साचा दाखवा. व्हेंट नाही हे तो लांबूनच सांगेल.

नाण्याच्या मधोमध असलेल्या अक्षरांपर्यंत मात्र या वाटा पोचत नाहीत. तिथे टाल्क लागतं. मऊ ब्रशनं साच्याच्या दोन्ही तोंडांना टाल्कची भुकटी लावा, मग साचा उलटा करून झटका. खाचेत ढीग राहता कामा नये, नुसता पुसट थर हवा. कणांच्या मधून हवा सरकायला जागा मिळते आणि धातू पुढे जातो. बाळाची पावडर वापरणार असाल तर डबा वाचून घ्या. काहींमध्ये टाल्कऐवजी मक्याचा स्टार्च असतो, तो जळतो आणि खाचेत काळा चिकटा धरतो. भुकटी उडते, तेव्हा तोंडाला मास्क बांधा.

एवढं करूनही एखादा हट्टी अनुस्वार राहिला, तर साच्यात त्या ठिपक्याच्या तळातून बारीक सुई आरपार काढा. सिलिकॉनचं छिद्र सुई काढल्यावर मिटल्यासारखं दिसतं, पण हवेला पुरतं.

तापमान: बंदूक खोटं बोलते

आच वाढवू नका म्हणतोय, पण आच किती आहे ते तर कळायला हवं. बहुतेक जण बंदुकीसारखा लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात, आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. हे यंत्र पृष्ठभागातून निघणारी उष्णता मोजतं. मळी (वर धरणारी ऑक्साइडची साय) काढलेला चकचकीत कथील आरशासारखा असतो, स्वतःची उष्णता फार कमी सोडतो. धातू २८० अंश सेल्सिअसला असताना यंत्र सहज शंभरेक अंश कमी दाखवतं. माणूस म्हणतो 'अजून वितळण्याइतकाही तापला नाही' आणि गॅस मोठा करतो. त्याऐवजी के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेला मल्टिमीटर घ्या आणि टोक धातूत बुडवून मोजा.

शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं. ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं असलेलं लेड-फ्री सोल्डर २२७ ला. ते २७० ते २८० ला ओतलं की झालं. प्यूटर, म्हणजे साधारण ९२ टक्के कथील आणि बाकी अँटिमनी व थोडं तांबं, पूर्ण पातळ व्हायला २९५ च्या आसपास जावं लागतं. ते ओतायचं तर सिलिकॉन त्या तापमानाला टिकणारंच हवं. डब्यावरची मर्यादा वाचूनच विकत घ्या. मेणबत्तीच्या किंवा साबणाच्या साच्याचं साधं सिलिकॉन इथे चालत नाही.

डोळ्यांनीही अंदाज येतो. पळीवरची मळी बाजूला सारा. खालचा आरसा काही क्षण चांदीसारखाच राहिला तर ठीक. त्यावर लगेच पिवळसर, मग जांभळी-निळी झाक आली तर धातू जास्त तापलाय. तसा धातू भराभर मळी धरतो, आणि तीच मळी नाण्यात खडे होऊन बसते.

साचा गार, साचा ओला

सिलिकॉन उष्णता धरून ठेवतं, पण आधी त्याला ती मिळायला हवी. पहिली एक-दोन नाणी साचा तापवण्यापुरतीच धरा, बघायचीही नाहीत, परत पळीत टाका. त्यानंतर लय सांभाळा. दोन नाण्यांमध्ये फोन आला आणि साचा निवला, तर पुन्हा तीच सुरुवात. उलट बाजूनं, एकामागून एक घाईनं ओतत गेलं की साचा फार तापतो आणि नाणी फिक्की निघायला लागतात. मग साचा उघडून थोडं थांबायचं.

क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळू नका. सिलिकॉन दबतं, नाणं मधोमध पातळ होतं आणि मधली अक्षरं भरत नाहीत. लक्षण दाबाच्या तक्रारीसारखंच दिसतं, म्हणून व्हर्नियरनं नाण्याची मधली आणि कडेची जाडी मोजून बघा.

प्लॅस्टरचा साचा वापरत असाल तर पावसाळ्यात ओतूच नका, असं मी म्हणेन. जुलैत पुण्यात वरवर कोरडा वाटणारा साचा आतून ओला असतो. कोकणात तर विचारूच नका. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट होतं. ती वाफ धातूच्या खाली अडकली तर नाण्यात बुडबुडे येतात हे नशीब चांगलं असेल तेव्हा. एरवी धातू तोंडावर उडतो. हाच धोका धुतलेल्या तुकड्यांचा. आधीच्या नाण्यांचे देठ धुवून, नीट न सुकवता वितळलेल्या धातूत टाकले की तडतडून उडतात. चष्मा, सुती पूर्ण बाह्या, बंद बूट. आणि ती फोडणीची पळी एकदा या कामाला लावली की पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

नळीपाशी खड्डा

कथील गोठताना दोन-तीन टक्के आक्रसतं. नळीची मान नाण्याआधी गोठली तर आक्रसणाऱ्या नाण्याला वरून धातू मिळत नाही आणि खड्डा पडतो. मान नाण्याच्या जाडीपेक्षा बारीक ठेवू नका. नाण्याशी मिळते तिथे ती पंख्यासारखी रुंद करा, पेला मोठा ठेवा. बस.

धातूबद्दल दोन शब्द, कारण विचारलं जातंच

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सोल्डरची कांडी मागताना 'लेड-फ्री' असं स्पष्ट सांगा. ६०/४० किंवा ६३/३७ लिहिलेल्या कांडीत उरलेला भाग शिसं असतं. ते अक्षरं सुंदर भरतं, मान्य, पण हे नाणं डब्यातून डब्यात फिरणार, लहान मुलं हाताळणार. शिसं नको. कल्हईचं कथील वापरायचं तर खात्रीच्या दुकानातून घ्या. चांगल्या कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर आवाज येतो. शिसं कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ उठते.

कोल्ड्रिंकच्या डब्यांचं ॲल्युमिनियम या कामासाठी विसरा. ते साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळतं, सिलिकॉन त्याच्या जवळपासही टिकत नाही, आणि वरची ऑक्साइडची साय बारीक अक्षरात शिरूच देत नाही. जुनी चलनी नाणी वितळवायचा विचारही नको. २०११ च्या नाणे कायद्यानं त्याला बंदी आहे.

साच्याचा खर्च टाळायचा तर समुद्रफेस, म्हणजे कटलफिशच्या अंगातलं मऊ हाड, हा एक पर्याय आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येतो तोच. सोनार पूर्वापार त्यात ओतत आलेत. दोन तुकडे घासून सपाट करायचे, मध्ये नमुना दाबायचा, नळी कोरायची. तो सच्छिद्र असल्यामुळे हवा कोंडत नाही. मात्र एक साचा एकाच नाण्यापुरता, बारीक अक्षर येत नाही आणि नाण्यावर लाकडासारख्या रेषा उमटतात. चिन्हापुरतं नाणं असेल तर मला त्या रेषा आवडतात.

नमुनाच बदलायचा असेल तर

उंची आणि हवा दोन्ही सांभाळूनही जमत नसेल तर दोष नमुन्यात आहे. नाण्यावर उठावाचं अक्षर म्हणजे साच्यात खाच, आणि धातूला खाचेत शिरायचं नसतं. तेच अक्षर नाण्यात खोदलेलं दाखवलं तर साच्यात ते उंचवटा होतं, आणि धातू त्याच्याभोवती आपसूक वाहतो. बारीक मजकूर खोदलेला ठेवा, उठाव मोठ्या चित्राला द्या. उठावच हवा तर रेघ किमान ०.८ मिलिमीटर, अनुस्वार १ मिलिमीटरचा, आणि खाचेच्या भिंती किंचित तिरक्या. अनुस्वार शिरोरेषेला चिकटवून काढला तर आणखी बरं. अक्षरतज्ज्ञ नाक मुरडतील, पण धातूला वाट मिळते.

किचेनसाठी भोक हवं असेल तर ते साच्यात ठेवू नका. धातूच्या दोन धारा भोकाला वळसा घालून पलीकडे भेटतात आणि तिथे सांधा दिसतो. नंतर ड्रिलनं पाडा. नाणं कुठे कुठे फिरलं याचा मागोवा घ्यायचा कोडही साच्यात घालण्यात अर्थ नाही, कारण तो प्रत्येक नाण्याला वेगळा असतो. नाणं लोखंडी ठोकळ्यावर ठेवून २ किंवा ३ मिलिमीटरच्या अक्षरपंचनं ठोका. कथील मऊ असतं, एका ठोक्यात उमटतं. दुसऱ्या बाजूचा उठाव दबू नये म्हणून खाली जाड चामडं घ्या. तयार नाण्याचा फोटो टाकताना कोड झाका. तो ज्याला सापडेल त्यानंच नोंदवायचा असतो.

एक शेवटची गोष्ट, ओतकामाची नव्हे पण प्रश्न येतो म्हणून. ९९.९ टक्के शुद्ध कथलाचं नाणं फिनलंड किंवा कॅनडाच्या डब्यात हिवाळाभर पडलं तर? शुद्ध कथील १३ अंशांच्या खाली हळूहळू राखाडी, ठिसूळ रूप घेऊ शकतं, आणि शून्याच्या बऱ्याच खाली ते वेगानं होतं. थोडं अँटिमनी किंवा बिस्मथ असलं की हे टळतं. परदेशी पाठवायची नाणी म्हणून प्यूटरचीच ओता, आणि त्यासाठी सिलिकॉन वरच्या प्रतीचं घ्या.